पाणी आणि पेशी : वर्गात सांगताना

‘पाणी हेच जीवन’ हे वाक्य बहुतेक प्राथमिक शाळांच्या भिंतींवर रंगविलेले आढळते. संस्कृतात ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थ पाणी असाच असल्यामुळे हे वाक्य म्हणजे तशी पुनरुक्तीच होय. भाषेचा तो मुद्दा बाजूस ठेविला तरी एक प्रश्न उरतोच. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘जीवन म्हणजे पाणीच का? तेल किंवा रॉकेल का नाही?’ असे विचारले, तर त्यास काय उत्तर द्यावयाचे? ‘पाण्यावाचून माणूस मरतो’ हे त्याचे उत्तर नव्हे. तो त्याच प्रश्नाचा दुसऱ्या शब्दांत केलेला उच्चार होय. ‘दूध का नाही?’ असे कोणी विचारल्यास मात्र काम सोपे आहे. दुधाच्या शंभर भागांपैकी सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असते.

खरे उत्तर पाण्याच्या रेणूच्या घडणीत सापडते. शिक्षकांनी ते नीट जाणून घ्यावयाचे, ते केवळ परीक्षेपुरते नव्हे. पावसाळ्याच्या तोंडी गावोगावी जुलाबाच्या तक्रारी सुरू होतात, आणि ‘जुलाब थांबेपर्यंत पोराला पाणी पाजू नका’ असा सल्ला देणारी वडीलधारी माणसे अजूनही काही घरांत आहेत. हा सल्ला घातक का, हे पेशी आणि पाणी यांचा संबंध ज्यास उमगला त्यालाच पटवून देता येते. ‘शास्त्र असे सांगते’ एवढ्यावर कोणाची आजी ऐकत नाही, आणि तिने का ऐकावे?

पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे, हे लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ साली स्पष्ट केले. त्यापूर्वी कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगांचा त्यास आधार होता. पंचमहाभूतांतील ‘आप’ ही तत्त्वज्ञानातील कल्पना आहे. रसायनशास्त्रातील मूलद्रव्याशी तिची गल्लत वर्गात होऊ देऊ नये. एच्-टू-ओ हे सूत्र मुलांस पाठ असते. परंतु सूत्रावरून न कळणारी गोष्ट अशी की, हे तीन अणू एका सरळ रेषेत नसतात. माणसाने दोन्ही हात खाली तिरके पसरावेत, तसे हायड्रोजनचे दोन अणू ऑक्सिजनच्या दोहों बाजूंस सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून राहतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांस आपल्याकडे अधिक ओढून धरतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूस किंचित ऋण भार आणि हायड्रोजनांच्या बाजूस किंचित धन भार येतो. अशा रेणूस ध्रुवीय रेणू म्हणतात. तिन्ही अणू सरळ रेषेत असते तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींस छेदून गेली असती आणि हा गुण नाहीसा झाला असता.

धन व ऋण भार एकमेकांस आकर्षितात. म्हणून एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीस हायड्रोजन बंध असे नाव आहे. एका रेणूस असे चार बंध जोडता येतात. बंध दुबळा असतो. द्रव पाण्यात तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढ्या सूक्ष्म काळात तुटतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याशी पुन्हा जुळतो. हे समजावून देण्यास पटांगण पुरते. पंचवीस-तीस मुलांस दाटीने उभे करून ‘हात धरा, सोडा, दुसऱ्याचा धरा’ असे चालते ठेवावे. घोळका सतत हलत राहतो, परंतु विखरत नाही. द्रव पाण्याचे हे बरेच विश्वासू चित्र आहे.

या दुबळ्या बंधांची एकत्रित शक्ती किती असते, हे तुलनेने कळते. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा वायू घडणीने पाण्याचा भाऊबंद. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. जडपणाच्या हिशेबाने तो पाण्याहून अधिक तापमानास उकळावयास हवा. प्रत्यक्षात तो शून्याखाली ६० अंशांसच उकळतो, आणि पाणी शंभर अंशांपर्यंत द्रव राहते. हायड्रोजन बंध नसते तर नदी, विहीर आणि रक्त या तिन्हींची वाफ झाली असती.

याच बंधांमुळे पाणी सावकाश तापते. त्यास दिलेली बरीचशी उष्णता बंध सैल करण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी लागते. कोरड्या वाळूस त्याच्या सुमारे एक पंचमांश उष्णता पुरते. चैत्रात दुपारी अनवाणी मुलाचा पाय वाळूत भाजतो आणि शेजारच्या डोहात गार होतो, याचे मोठे कारण हेच. पाण्याची वाफ होण्यास तर याहून पुष्कळच अधिक उष्णता लागते; त्वचेच्या तापमानास ती ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी भरते. माठ पाझरतो म्हणून त्यातील पाणी गार होते, आणि घाम सुकतो म्हणून अंग थंड राहते. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगावरील १०० ग्रॅम घाम पूर्णपणे सुकला, तर एकूण ५८,००० कॅलरी उष्णता निघून जाते. शरीरात नव्याने उष्णता निर्माण होत नसती, तर तेवढ्याने त्याचे तापमान अडीच-तीन अंशांनी उतरले असते. उन्हाळ्यात मैदानावर खेळलेल्या मुलास पाणी पिण्यासाठी तास संपण्याची वाट पाहावयास लावणे हे म्हणूनच शिस्तीचे लक्षण मानता येत नाही.

पाणी चार अंश तापमानास सर्वांत घन असते आणि बर्फ होताना सुमारे नऊ टक्के फुगते, एवढे येथे नमूद करून पुढे जाऊ. हिमप्रदेशातील तलाव वरून गोठतात व त्यांच्या तळाशी मासे जगतात, हा त्याचा सर्वपरिचित परिणाम. गोठवून पुन्हा वितळविलेला टोमॅटो लिबलिबीत होतो, तोही त्याचाच. आतील बर्फाने पेशी फाटलेल्या असतात.

पेशीच्या दृष्टीने पाण्याचा सर्वांत मोठा गुण त्याच्या विद्रावकतेत आहे. मिठाचा खडा पाण्यात पडला की रेणूंची ऋण टोके सोडियमभोवती आणि धन टोके क्लोराइडभोवती गोळा होतात व दोघांस ओढून वेगळे करतात. साखरेच्या रेणूंशी ती हायड्रोजन बंध जोडतात. घरच्या तापमानास शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास साखर मावते. पेशीतील कामे एकमेकांवर आदळणाऱ्या रेणूंमुळे होतात, आणि विरघळल्यावाचून रेणू हिंडणार कसे? वजनाच्या हिशेबाने पेशीचे शंभरांतील सत्तर भाग पाणी असते, ते याकरिता.

परंतु पाण्याने सर्वच विरघळविले असते तर पेशी उरलीच नसती. तेलाचा रेणू ध्रुवीय नाही; पाणी त्यास आपल्या हातात हात घालू देत नाही. तेल पाण्यावर वेगळे राहते हे मुलांनी पाहिलेले असते. पेशीभोवतीचे पातळ आवरण याच वैरावर उभे आहे. त्यातील स्निग्ध रेणूंचे एक टोक पाण्यास जवळ करणारे व दुसरे तेलकट असते. पाण्यात ते आपोआप दोन थरांत रचले जातात. तेलकट शेपट्या आत, डोकी बाहेर. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असे हे पटल कोणी विणत नाही, ते पाण्याच्या ढकलण्याने बनते. प्रथिनांच्या लांब साखळ्यांच्या नेमक्या घड्याही बऱ्याच अंशी अशाच पडतात. रॉकेलमध्ये पेशी का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. त्यात मीठ-साखर विरघळत नाही, आणि तेलकट शेपट्यांस एकत्र लोटणारेही कोणी नसते.

पाणी पेशीत नुसते माध्यम म्हणून राहत नाही, ते स्वतः रासायनिक क्रियांत भाग घेते. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो. पिष्टाच्या साखळीतील दुवा तुटताना प्रत्येक तुटीमागे पाण्याचा एक रेणू खर्च होतो व साखर सुटी होते. उलट, पेशीत अन्नाचे ज्वलन होते तेव्हा नवे पाणी तयार होते. प्रौढ माणसात हे रोज पाव लिटरच्या वर भरते. वनस्पतींच्या बाबतीत तर एक चुकीचे विधान वर्गावर्गांतून ऐकू येते. झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात व त्यातील ऑक्सिजन बाहेर सोडतात, असे सांगितले जाते. १९४१ साली अमेरिकेत रुबेन, केमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजनची खूण केलेले पाणी हरितशेवाळास देऊन पाहिले, तेव्हा बाहेर पडणाऱ्या वायूत ती खूण सापडली. झाडे सोडतात तो ऑक्सिजन पाण्याचा रेणू फोडून निघालेला असतो. आपण घेतो तो प्रत्येक श्वास कोठल्या तरी मुळाने शोषलेल्या अथवा शेवाळाने घेतलेल्या पाण्यातून आलेला आहे, हे मुलांस सांगावे. त्यांच्या चेहऱ्यांवरील नवल पाहण्यासारखे असते.

कोरडे ठेवलेले बियाणे या संदर्भात चांगले उदाहरण आहे. कणगीतील ज्वारीत दहा-बारा टक्केच ओल उरलेली असते. दाणा मेलेला नसतो, त्याच्या पेशींतील व्यवहार जवळजवळ थांबलेला असतो. मटकी भिजत घातली की पाणी आत शिरते, अडकलेले रेणू हिंडू लागतात आणि दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. भिजविण्यापूर्वी व नंतर मटकीचे वजन करण्याचा प्रयोग शाळेत अवश्य करावा.

आता पेशीच्या आवरणातून पाणी आत-बाहेर कसे होते हे पाहावयाचे. यास परासरण म्हणतात. पाणी आवरणातून सहज जाते, पण मीठ आणि साखर अडविली जातात. तेव्हा ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांस पाणी सुटते. बेदाणा साध्या पाण्यात टाकला की फुगतो. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे, फक्त दिशा बदलते. वर्गासाठी बटाटा उत्तम. सारख्या जाडीच्या चकत्या दोन वाट्यांत टाकाव्यात. एकीत साधे पाणी आणि दुसरीत चांगले खारट. तासा-दोन तासांनी मुलांनी त्या हाताने वाकवून पाहाव्यात. पहिली ताठ होते, दुसरी लुळी पडते. सुकलेली मेथी पाणी शिंपडल्यावर का सावरते, आणि रोपाच्या बुडाशी खताची मूठ जास्त पडली तर रोप का करपते, हे मग शेतकऱ्याची मुले स्वतःच सांगू लागतात.

रक्तातील तांबड्या पेशी लिटरमागे सुमारे नऊ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात जशाच्या तशा राहतात; साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, अधिक खारट पाण्यात आकसतात. शिरेतून द्यावयाच्या सलाइनमध्ये मीठ नेमके मोजलेले असते ते यामुळे. पेशीच्या आवरणातून पाणी इतके झपाट्याने कसे जाते, हे कोडे मात्र पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. पीटर ॲग्रे यांनी १९९२ च्या सुमारास त्यासाठीच असलेली प्रथिनांची सूक्ष्म दारे दाखवून दिली. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी पाण्याचे रेणू जाऊ शकतात, आणि तरीही त्यातून मीठ जात नाही. या शोधास २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

जुलाबाचा प्रश्न येथे येऊन मिळतो. पटकीच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशींस क्षार बाहेर टाकावयास लावते. त्यामागे परासरणाने पाणी जाते आणि काही तासांत शरीर कोरडे पडते. हे विष असते हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावरील प्रयोगाने सिद्ध केले. इतर जुलाबांत कारणे निराळी असली तरी क्षार आणि पाणी यांचीच हानी होते. लहान मुलास धोका अधिक असतो. तान्ह्या मुलाच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, प्रौढाच्या सुमारे साठ टक्के. शिवाय मुलाचा एकूण साठाच लहान. घागरीतून गेलेला तांब्या आणि लोट्यातून गेलेला तांब्या यांत जे अंतर, तेच हे.

मग प्यालेले पाणी आतड्यातून वाहूनच जाणार नाही काय? आजींचा प्रश्न नेमका हाच असतो आणि तो मूर्खपणाचा नाही. साधे पाणी खरोखरच पुरेसे शोषले जात नाही. परंतु आतड्याच्या पेशींत एक दार असे आहे की ज्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात. ही जोडी १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. पटकीच्या विषाने इतर व्यवहार बिघडला तरी हे दार चालू राहते. साखर-मीठ आत गेले की त्यांच्यामागे, बेदाण्यात शिरते त्याच नियमाने, पाणीही आत जाते. नुसती साखर किंवा नुसते मीठ देऊन हे घडत नाही.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, तेव्हा बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळविले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजण्याची व्यवस्था केली. अशा साथीत शंभरांत वीस-तीस रोगी दगावत; तेथे हे प्रमाण चाराच्याही खाली आले. तोवर हा उपाय रुग्णालयातील देखरेखीखालीच करावयाचा असे बहुतेक डॉक्टरांचे मत होते. महालनबीस यांस २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आजच्या जीवनजल क्षारांच्या, म्हणजे ओ. आर. एस.च्या, पुडीचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेले आहे. लिटरभर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पुडी आशा सेविकेकडे किंवा आरोग्य केंद्रात मागावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी ‘अंदाजाने’ पेल्यात टाकणे हे बरे नव्हे. पुडी हाती येईपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम भागविता येते. येथे चमचा सपाट असणे महत्त्वाचे आहे. मीठ अधिक झाले तर तान्ह्या मुलास अपाय होतो. साखर अधिक झाली तर कैरीच्या फोडीसारखी गत होऊन आतड्यातच पाणी सुटते आणि जुलाब वाढतात. म्हणून बाटलीतील गोड पेये या कामी देऊ नयेत. पाचवी-सहावीच्या मुलामुलींकडून हे पाणी एकदा वर्गात करवून घ्यावे व चाखवावे. ते आसवांहून खारट लागता कामा नये. मीठ घातलेली भाताची पातळ पेजही चालते, कारण तिच्यातील पिष्टाचे आतड्यात सावकाश ग्लुकोज होत जाते.

दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्यास अर्धा ते एक पेला पाणी चमच्याचमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण अधिक सावकाश द्यावयास लागावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्य सेविका देतील, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पुऱ्या कराव्यात. मूल मलूल होऊन पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश मागे गेली, लघवी फार वेळ झाली नाही किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी वेळ न दवडता दवाखाना गाठावा. वाटेतही घोट घोट पाजणे चालू ठेवावे. तयार केलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले ओतून देऊन नवे करावे.